एकाच ताटातली कर्बोदकं : ज्वारीवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

२० नोव्हेंबर

अकरावीचा यंदाचा प्रकल्प आज नक्की झाला. विषय कर्बोदकांचा : रचना, प्रकार आणि सजीवांमधलं काम. धड्यातला तक्ता मुलांना तोंडपाठ आहे. मोनोसॅकराइड (एकच शर्करा), डायसॅकराइड (दोन जोडलेल्या), पॉलिसॅकराइड (अनेकांची साखळी), आणि प्रत्येकापुढं दोन-दोन नावं. पण "ग्लुकोज कुठं सापडतं?" असं विचारलं की उत्तर येतं, "सलाइनच्या बाटलीत, मॅडम." उत्तर बरोबरच आहे. मात्र प्रयोगशाळेच्या खिडकीतून कमरेएवढी झालेली ज्वारी दिसते, आणि तिच्याकडं कुणी बोट दाखवलं नाही.

म्हणून सगळा प्रकल्प ज्वारीच्या एका ताटावर करायचा. पानात तयार होणारी साखर, धाटातला गोडवा, दाण्यातला स्टार्च, कडब्यातलं सेल्युलोज, प्रत्येक पेशीच्या डीएनएमधली डीऑक्सिरायबोज, सगळं या एका झाडात आहे. ज्वारीत जे नाही ते ज्वारी खाणाऱ्यांकडून घेऊ : दुधातली लॅक्टोज, यकृतातलं ग्लायकोजेन.

आमचा भाग मंगळवेढ्याच्या काळ्या रानाचा. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रानात बहुतेक ठिकाणी मालदांडी, म्हणजे मोहोळच्या केंद्रात निवड होऊन पसरलेली एम ३५-१. ज्यांच्या शेतात जाणार आहोत त्या काकांनी बांधाकडेला हुरड्यासाठी गूळभेंडीच्याही काही ओळी टाकल्या आहेत. दोन्ही वाणांचे नमुने मिळतील.

फळ्यावर एकच प्रश्न लिहून ठेवला आणि तो पुसायचा नाही असं प्रयोगशाळेच्या शिपाई मामांना सांगितलं : दाणाही ग्लुकोजचा, धाटही ग्लुकोजचं, मग दाणा माणसानं खायचा आणि धाट बैलानं, असं का?

२८ नोव्हेंबर

आज कात्री, पुठ्ठा आणि टाचण्या. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू. पाण्यात हा रेणू बहुतेक वेळ कडं करून असतो. कड्याला सहा कोपरे, त्यातल्या पाचांवर कार्बन आणि एकावर ऑक्सिजन. सहावा कार्बन कड्याबाहेर डोकं काढून. मुलांनी पुठ्ठ्याचे षटकोन कापले, ऑक्सिजनचा कोपरा लाल रंगवला, कार्बनना क्रमांक दिले.

नंतर सर्वांत महत्त्वाचं काम. पहिल्या कार्बनवरचा ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) कड्याच्या खाली लावला तर अल्फा ग्लुकोज, वर लावला तर बीटा. बाकी काही बदललं नाही. "एवढाच फरक?" असं एका मुलानं विचारलं. एवढाच. पण तो किती पुढं जातो हे पाहायला त्यांना षटकोन जोडायला लावले.

अल्फाचे षटकोन पहिल्या कार्बनपासून पुढच्याच्या चौथ्या कार्बनला जोडत गेलो की सगळ्यांचा सहावा कार्बन एकाच बाजूला राहतो आणि साखळी हळूहळू वळायला लागते. टेबलावर सपाट राहीना, मुलांना ती हातात उचलून धरावी लागली. खऱ्या अमायलोजमध्ये, म्हणजे स्टार्चमधल्या अशा साखळीत, साधारण सहा ग्लुकोजमागे एक वळसा पूर्ण होतो. बीटाचे षटकोन जोडताना मात्र प्रत्येक दुसरा पुठ्ठा उलटा केल्याशिवाय जोड बसत नाही. एक सुलटा, एक उलटा, एक सुलटा. साखळी सरळसोट, बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अशा दोन साखळ्या शेजारी ठेवल्या की ओएच गट समोरासमोर येतात. तिथं हायड्रोजन बंध तयार होतात आणि साखळ्यांच्या घट्ट जुड्या बांधल्या जातात. ते सेल्युलोज.

फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर तसं आजच दिसलं. पण पुठ्ठ्यावर दिसणं वेगळं आणि परीक्षानळीत दिसणं वेगळं, म्हणून प्रश्न ठेवलाय.

जाता जाता एमिल फिशरबद्दल सांगितलं. अशा सहा कार्बनी अल्डोज (ग्लुकोजसारख्या, अल्डिहाइड गटाच्या) शर्करांचे १६ प्रकार संभवतात, सगळ्यांचं सूत्र एकच, फरक फक्त कुठला गट कुठल्या बाजूला याचा. त्यातली ग्लुकोज नेमकी कोणती हे फिशरनं १८९१ मध्ये ठरवलं. रेणूच्या आत डोकावायला क्ष-किरण नव्हते. एका शर्करेपासून दुसरी बनव, तिची संयुगं तपास, प्रकाश फिरवते की नाही ते बघ, आणि या सगळ्यातून अनुमान काढ, एवढ्यावर. १९०२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. मला आजही हे काम मानवी बुद्धीच्या फार मोठ्या कामांपैकी एक वाटतं, आणि ते दीड ओळीत उरकणाऱ्या क्रमिक पुस्तकांचा राग येतो.

८ डिसेंबर

शर्करा तपासायचं बेनेडिक्टचं द्रावण तयार केलं : कॉपर सल्फेट, सोडियम सायट्रेट, सोडियम कार्बोनेट. ग्लुकोज, फ्रुक्टोज, दूध (पनीर काढून राहिलेलं पाणी), साखर आणि कोरं पाणी अशा नळ्या उकळत्या पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवल्या.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज विटकरी लाल. दुधाचं पाणीही नारिंगीवरून लालसर. साखर निळीच्या निळी, कोऱ्या पाण्यासारखी. सगळ्या वर्गात तिचंच नवल झालं, कारण गोड म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेली तीच.

कारण जोडणीतच आहे. ग्लुकोजचं कडं पाण्यात अधूनमधून उघडतं आणि उघडल्यावर पहिल्या कार्बनवर जो अल्डिहाइड गट मोकळा होतो तो तांब्याला क्षपित करतो. निळं तांबं लाल क्युप्रस ऑक्साइड होऊन तळाशी बसतं. फ्रुक्टोजमध्ये कीटोन गट असतो, पण द्रावण अल्कली असल्यामुळं तीही रूप बदलून तेच काम करते. लॅक्टोजमध्ये गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज जोडलेले, पण ग्लुकोजचं पहिलं टोक मोकळं राहतं. साखरेत, म्हणजे सुक्रोजमध्ये, ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकांत अडकलेले. दोन्ही उघडणारी टोकं बंद.

मग साखरेच्या द्रावणात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून गरम केलं, फेस थांबेपर्यंत खायचा सोडा घातला आणि परत बेनेडिक्ट. झटक्यात लाल. ही दोन टप्प्यांची कृती मुलांच्या हातात पक्की बसायला हवी. हुरड्याच्या वेळी तिचीच गरज आहे.

२७ डिसेंबर

शेतावर. कणसं चिकात आली आहेत. दाणा नखानं दाबला की दुधासारखा पांढरा चीक बाहेर येतो. काका म्हणाले, "मॅडम, अजून दहा-बारा दिवस थांबा, मग या खायला." आम्हाला खाण्याआधीचाच दाणा हवा होता.

नमुना घेण्याची पद्धत आधी ठरवून आणली होती. कणसातून काढलेले दाणे लगेच रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये टाकायचे. स्पिरिटनं दाण्यातली विकरं (एन्झाइम) थांबतात, म्हणजे तोडल्यानंतर साखरेचं काही होत नाही, आणि साखर स्पिरिटमध्ये उतरते पण स्टार्च उतरत नाही. पाण्यात दाणे वाटले असते तर दोन्हींची सरमिसळ झाली असती.

शेतात उभं राहून सांगण्यासारखी गोष्ट दाण्यात साखर येते कुठून ही. पानं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर करतात, आणि ती प्रवासाला निघते ती सुक्रोज होऊन. आठ तारखेला पाहिलेली दोन्ही तोंडं बंद असलेली शर्करा. तिची तोंडं बंद असल्यामुळं ती वाटेत सहसा कशाशी भांडत नाही, शांतपणे धाटातून कणसापर्यंत जाते. दाण्यात पोचल्यावर तिचे दोन भाग होतात, ग्लुकोजला एडीपी या न्यूक्लिओटाइडचं (एका छोट्या रेणूचं) शेपूट लागतं आणि मग तो स्टार्चच्या साखळीत एकेक करून ओवला जातो. शर्करा अशा न्यूक्लिओटाइडच्या शेपटाशिवाय साखळीत जात नाहीत हे अर्जेंटिनाच्या लुइस लेलुआरनं दाखवलं. १९७० चं नोबेल त्यासाठीच होतं.

एका मुलीनं विचारलं, "झाड साखर साखर म्हणूनच का साठवत नाही?" फार चांगला प्रश्न. पेशीत हजारो ग्लुकोज सुटे ठेवले तर ते पाणी खेचतील आणि पेशी टरारून फुटायला येईल. तेच हजारो ग्लुकोज एका साखळीत बांधले की ते पाण्याच्या दृष्टीनं एकच रेणू, शिवाय न विरघळणारा. स्टार्चचा दाणा पेशीत निमूट पडून राहतो. आपल्या यकृतात ग्लायकोजेन असण्यामागंही हेच कारण.

धाटही चघळून पाहिलं. गोड आहे. तोही नमुना घेतला.

१० जानेवारी

ज्वारी हुरड्यात आली. दाणा बोटात धरला तर दबतो, पण चीक उडत नाही, आत मऊ लगदा. काकांनी आगटी पेटवली, गोवऱ्यांचा आर पडल्यावर कणसं खुपसली. भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं की बोंडं सुटतात, फुंकर मारून टाकायची, आणि हिरवट कोवळे दाणे हातात राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. गूळभेंडीची बोंडं मालदांडीपेक्षा फार सहज निघतात. ती हुरड्यासाठीच लावतात त्याचं एक कारण हातालाच कळतं. दुसरं जिभेला.

नमुने : दोन्ही वाणांचा कोवळा हुरडा स्पिरिटमध्ये. त्याशिवाय गूळभेंडीची काही कणसं तशीच पिशवीत, रात्रभर बाहेर ठेवायची. काकू म्हणाल्या, "हुरडा तोडला की लगेच खावा, दुसऱ्या दिवशी त्याला चव नाही." हे खरं का, आणि खरं असेल तर का, हे उद्या बघायचं.

११ जानेवारी

रात्री ठेवलेल्या कणसांचे दाणेही सकाळी स्पिरिटमध्ये टाकले. सगळे अर्क गरम पाण्याच्या भांड्यावर आटवले. स्पिरिट आहे, म्हणून उघडी ज्योत नाही, खिडक्या उघड्या, मामा दारात उभे. राहिलेला चिकटा पाण्यात घेऊन दोन भाग केले. एका भागावर सरळ बेनेडिक्ट, दुसऱ्यावर आधी आम्ल, मग सोडा, मग बेनेडिक्ट. रंग लालकडं जितका, तितकी साखर जास्त.

चिकातला दाणा : सरळ चाचणीत पिवळा-नारिंगी, आम्लानंतर लाल.

हुरडा, गूळभेंडी : सरळ नारिंगी, आम्लानंतर भरपूर लाल गाळ.

हुरडा, मालदांडी : त्याच क्रमानं, पण दोन्हींत एक पायरी फिका.

रात्रभर ठेवलेली गूळभेंडी : सरळ पिवळसर, आम्लानंतर नारिंगी.

धाट : सरळ पिवळा, आम्लानंतर लाल.

काकूंचं म्हणणं नळीत दिसलं. तोडलेलं कणीसही जिवंत असतं. दाणे श्वसन करतात, साखर जाळतात, आणि उरलेल्यातली काही साखर स्टार्चमध्ये ओवत राहतात. पानाकडून नवी साखर यायची मात्र बंद झालेली. गोड मक्याच्या बाबतीतही हेच होतं, म्हणून मका तोडल्याबरोबर थंड करतात. हुरडा शेतातच खायची पद्धत पडली त्याला असं भक्कम जीवरसायन आहे, आणि मुलांनी ते स्वतः काढलं याचा मला फार आनंद झाला.

अर्क काढून राहिलेल्या चोथ्यावर स्टार्च ओळखायला आयोडीन टाकलं. चिकातल्या दाण्याच्या चोथ्याला निळा रंग, हुरड्याच्या चोथ्याला गडद निळा-काळा. गोडवा असतानाच स्टार्च भरत चाललाय.

१८ जानेवारी

लाळेचा प्रयोग. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवून पातळ पेज केली, गाळली, ३७ अंशांवर ठेवली. त्यात चूळ भरून घेतलेली पातळ लाळ. दर मिनिटाला एक थेंब पांढऱ्या टाइलवर, त्यावर आयोडीन. शेजारी उकळलेली लाळ घातलेली दुसरी नळी.

पहिल्या नळीचे थेंब निळ्याकडून जांभळ्याकडं, मग तांबूस, मग नुसत्या आयोडीनचा पिवळा. एका ओळीत पडलेले ते थेंब फार सुंदर दिसतात. रंगाचं कारण पुठ्ठ्याच्या साखळीत आहे. अमायलोजच्या वळशांच्या पोकळीत आयोडीन रांगेनं बसतं आणि निळं दिसतं. लाळेतलं अमायलेज साखळी मधूनमधून तोडतं, तुकडे आखूड झाले की वळसे पुरत नाहीत, रंग उतरत जातो. शेवटी माल्टोज उरते, दोन ग्लुकोजची जोडी, आणि बेनेडिक्टला ती लाल होते. उकळलेल्या लाळेची नळी शेवटपर्यंत निळी.

तिसऱ्या नळीत कापूस होता. लाळ घालून, ३७ अंशांवर, शाळा सुटेपर्यंत. बेनेडिक्ट निळं. कापूस ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज, म्हणजे नुसता ग्लुकोज, पण बीटा जोडाचा. अमायलेजची खाच अल्फा जोडाच्या मापाची. उलटसुलट बसलेला बीटा जोड तिच्यात बसतच नाही. माणसाच्या शरीरात सेल्युलोज तोडणारं विकर नाही. फळ्यावरचा प्रश्न आता पुसायला हरकत नाही असं मुलं म्हणाली. मी अर्धाच पुसू दिला. बैलाचं उत्तर अजून राहिलंय.

२४ जानेवारी

सूक्ष्मदर्शकाचा दिवस, आणि माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला सर्वांत चांगला.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून दोन पोलरॉइड पट्ट्या आणल्या. एक काचपट्टीच्या खाली, एक नेत्रिकेवर, एकमेकींना काटकोनात. सगळं अंधारलं आणि अंधारात ज्वारीच्या पिठाचा प्रत्येक कण उजळला, प्रत्येकावर काळी फुली. स्टार्चच्या कणात साखळ्या मध्यापासून बाहेरच्या दिशेनं शिस्तीत रचलेल्या असतात, त्या रचनेची ही खूण. बटाट्याचे कण मोठे, लांबट, काही १०० मायक्रोमीटरपर्यंत. ज्वारीचे त्यामानानं लहान, साधारण १५ मायक्रोमीटर, आणि दोन तऱ्हांचे. दाण्याच्या कडेच्या टणक भागातले कोपरेदार, कारण ते प्रथिनांच्या जाळीत एकमेकांना दाबून वाढलेले. मधल्या पिठूळ भागातले गोलसर.

मग त्याच पिठात उकळतं पाणी घातलं आणि मिनिटाभरानं पाहिलं. कण फुगलेले, आणि फुल्या गेलेल्या. ७० अंशांच्या आसपास साखळ्यांमधले बंध सुटतात, पाणी आत शिरतं, रचना मोडते.

भाकरी इथंच येते. गव्हासारखं ग्लुटेन ज्वारीत नाही, त्यामुळं थंड पाण्यात पीठ कितीही मळलं तरी भाकरी थापताना कडा फाटतात. उकळत्या पाण्यानं थोडा स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि बाकीचं पीठ धरून ठेवतो. घरी भाकरी करणाऱ्या मुलींनी हे पटकन पकडलं. एकीनं विचारलं की जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते ती का. साठवणुकीत पिठातली मेदाम्लं वाढतात, प्रथिनं बदलतात, पीठ पाणी पहिल्यासारखं धरत नाही, एवढं सांगितलं. यावर वेगळा प्रकल्प होईल, तिला तो करायचा आहे.

शिळी भाकरी कडक होते तेही याच खात्यात. गार होताना सुटलेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात, पाणी बाहेर टाकतात. अशा स्टार्चला अमायलेज सावकाश तोडतं.

इथं मधुमेहाचं बोलणं निघणारच होतं, निम्म्या वर्गाच्या घरात कुणाला ना कुणाला आहे. "ज्वारी शुगरला चांगली" असं सगळे म्हणतात. मुलांना स्पष्ट सांगितलं : ज्वारीचा स्टार्चही पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो. तंतू जास्त, आणि शिजल्यावर प्रथिनांची जाळी स्टार्चला धरून ठेवते, म्हणून तो जरा सावकाश सुटतो. पण तीन भाकऱ्या त्या तीनच भाकऱ्या. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज असतो, आणि एका भाकरीतून त्याच्या कितीतरी पट येतो. तो नीट पेशींत पोचवायचं काम इन्शुलिनचं. घरी जाऊन कुणाच्या गोळ्या बंद करायला सांगू नका हेही बजावलं.

३१ जानेवारी

काकांच्या गोठ्यात. मागच्या वर्षीच्या कडब्याची गंजी अर्धी संपलीय, बैल कडबा खातायत, गाय निवांत रवंथ करतेय.

गायीच्या शरीरातही सेल्युलोज तोडणारं विकर स्वतःचं नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जिवाणू, बुरशी आणि एकपेशीय जीव आहेत, सेल्युलोजची साखळी ते तोडतात. सुटलेला ग्लुकोज ते स्वतःच आंबवून टाकतात आणि गायीला मिळतात ती असेटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक आम्लं. म्हणजे ढीगभर कडबा खाऊनही गायीच्या रक्तात सरळ ग्लुकोज फारसा जात नाही. तिचं यकृत प्रोपिओनिक आम्लापासून तो परत तयार करतं, आणि त्यातूनच कासेत लॅक्टोज बनते. धाटातला बीटा जोड तुटला, ग्लुकोज मोडला, पुन्हा घडला, दुधात उतरला. मुलं हे ऐकून गायीकडं बराच वेळ बघत होती.

काकांनी उभ्या पिकातली एक जागा दाखवली, जिथं धाट तोडल्यावर कोवळे फुटवे आलेत. तिथं जनावर जाऊ देत नाहीत. कोवळ्या ज्वारीत धुरिन असतं. त्यात सायनाइड देणारा भाग एका ग्लुकोजला बांधलेला असतो, आणि तसा बांधलेला असेतो झाडाला त्याचा त्रास नाही. जनावरानं पान चावलं की पेशी फुटतात, विकर ग्लुकोज सोडवतं आणि सायनाइड मोकळं होतं. कर्बोदकांच्या कामांच्या यादीत ऊर्जा आणि आधार याच्यापुढं हे तिसरं काम मुलांनी लिहून घेतलं. विष झाकून ठेवायलाही ग्लुकोज.

फळा पूर्ण पुसला.

६ फेब्रुवारी

बारावीची प्रात्यक्षिकं सुरू आहेत, प्रयोगशाळा आमच्या हाती नाही. वर्गातच बसून पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करांवर बोललो.

लाल रक्तपेशींवर शर्करांच्या आखूड साखळ्या असतात. टोकाजवळच्या गॅलॅक्टोजला फ्युकोज नावाची शर्करा जोडली की तो एच प्रतिजन, म्हणजे पेशीची ओळख सांगणारी खूण. तो तसाच राहिला तर रक्तगट ओ. त्यावर एन-असेटिल गॅलॅक्टोसमिन चढली तर ए, साधी गॅलॅक्टोज चढली तर बी. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त आढळलं ज्यात एचसुद्धा नव्हता, म्हणजे फ्युकोजच जोडलेली नाही. नेहमीच्या चाचणीत ते ओ वाटतं. पण अशा माणसाच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात, त्यामुळं त्याला ओ गटाचंही रक्त चालत नाही. जगभर हा गट बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाला असतो. एका शर्करेचा प्रश्न, आणि त्यावर माणसाचा जीव अवलंबून. रक्त देण्याआधी गटाची पुढची तपासणी का गरजेची आहे हे मुलांना वेगळं सांगावं लागलं नाही.

१५ फेब्रुवारी

ग्लायकोजेन. ताजं बकऱ्याचं यकृत सकाळी लवकर आणलं, कारण प्राणी मेल्यावर ग्लायकोजेन झपाट्यानं तुटत जातं. माळकरी घरातल्या मुलींनी आज तक्त्यांचं काम घेतलं. तुकडे उकळत्या पाण्यात, असेटिक आम्लाचे थेंब टाकून प्रथिनं साकळवली, गाळलं. गाळलेलं पाणी दुधट. आयोडीन टाकल्यावर निळं न होता तांबूस तपकिरी.

तोच अल्फा ग्लुकोज, तेच जोड, पण साधारण ८ ते १२ ग्लुकोजमागे एक फांदी. स्टार्चमधल्या अमायलोपेक्टिनला २४ ते ३० मागे एक. फांद्या दाट, सरळ वळसे आखूड, म्हणून रंग वेगळा. फांद्या जास्त म्हणजे मोकळी टोकंही जास्त आणि एकाच वेळी सगळ्या टोकांवरून ग्लुकोज काढता येतो. झाडाला घाई नसते. पळत सुटलेल्या जनावराला असते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं आणि ते रात्रभराच्या उपवासात रक्तातला ग्लुकोज राखतं. एकट्या मेंदूलाच दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास लागतो. स्नायूंत यकृताच्या चौपट ग्लायकोजेन असतं, पण ते स्नायू स्वतःसाठीच वापरतात.

२८ फेब्रुवारी

काढणी, मोडणी होऊन खळं झालं. पक्क्या दाण्याचा स्पिरिट अर्क : सरळ चाचणीत जेमतेम हिरवट, आम्लानंतर हिरवट-पिवळा. आयोडीनला काळाभोर. हुरड्यातली साखर आता साखळीत आहे.

तक्त्यावर नळ्यांचे फोटो चिकातल्या दाण्यापासून पक्क्या दाण्यापर्यंत ओळीनं लावले. खाली पुठ्ठ्याच्या दोन साखळ्या, वळलेली आणि सरळ. वळलेलीखाली मूठभर दाणे, सरळीखाली कडब्याची पेंडी आणि कापूस. मजकूर मुलांनीच लिहिला आहे, मी एकही वाक्य बदललं नाही.

पुढच्या तुकडीसाठी : स्पिरिटच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या पेन्सिलनं लिहाव्यात, शाई उतरते. पोलरॉइड पट्ट्या परत करण्याआधी पुसाव्यात. काका या पेरणीला गूळभेंडीशेजारी फुले मधुरच्या ओळी टाकायला तयार आहेत. दोन्हींचा हुरडा एकाच दिवशी तोडून एक कणीस घरातल्या तापमानात आणि एक फ्रिजमध्ये ठेवायचं, आणि साखर कुठं जास्त टिकते ते पाहायचं. बियाणं जूनमध्येच सांगून ठेवणं.